कुत्र्याचं पोट बिघडलं तर काय करावं, काय टाळावं? परळच्या 'बैलघोडा'पासून गावच्या दवाखान्यापर्यंत कामाला येणारी माहिती

मुंबईत केईएम किंवा टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन गेलेल्या गावाकडच्या माणसाला परळचा आचार्य दोंदे मार्ग चांगला ठाऊक असतो. याच रस्त्यावर जनावरांचंही एक मोठं हॉस्पिटल आहे. पाटीवर नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. पण परळ-लालबागची जुनी माणसं त्याला आजही 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. १८८० च्या दशकात ते उभं राहिलं तेव्हा मुंबई बैलगाड्या, टांगे आणि घोड्यांच्या ट्रामवर चालायची, त्यावरून हे नाव पडलं. पेटिट या गिरणीमालक पारशी घराण्याच्या देणगीतून ते झालं. शेजारीच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. राज्यातले कितीतरी सरकारी पशुवैद्य तिथेच शिकून तालुक्याला आले.

बैल आणि घोडे शहरातून गेले, नाव राहिलं. आता तिथल्या रांगेत कुत्री-मांजरंही असतात. कुठल्याही पशुवैद्याला विचारा, कुत्रा घेऊन येणाऱ्यांची नेहमीची तक्रार एकच: उलट्या करतोय, जुलाब होतायत, दोन दिवस काही खाल्लं नाही. शहरात काय नि गावात काय, कारणंही बरीचशी सारखीच. फरक एवढाच की परळमध्ये दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे आणि गावात तो पंधरा-वीस किलोमीटर लांब असतो. म्हणून कोणत्या पोटदुखीला घरी थांबायचं आणि कोणत्या पोटदुखीला लगेच गाडी काढायची, हे गावातल्या माणसाला जास्त नीट कळायला हवं.

कुत्र्याला भाकरी पचते का?

पचते. 'कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य चालत नाही' असं मोबाईलवर फिरत असतं, ते अर्धंच खरं आहे. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिठूळ पदार्थ पचवणारा रस तयार करणारं जनुक कुत्र्यात लांडग्यापेक्षा किती तरी जास्त वेळा आढळलं. माणसाच्या दारात राहून, माणसाचं उरलेलं खाऊन कुत्र्याचं पोट हजारो वर्षांत बदललं. त्यामुळे ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, भात हे सगळं कुत्र्याला पचतं. अट एकच, धान्य नीट शिजलेलं हवं. कच्चं पीठ किंवा फुगलेली कणीक पोटात जाऊन आणखी फुगते, तो वेगळाच धोका.

पण नुसत्या भाकरीवर कुत्रा नीट पोसला जात नाही. त्याला प्रथिनं लागतात. अंडं, उकडलेलं चिकन, मासळी (काटे काढून), काहीच नसेल तर थोडं दही आणि मऊ शिजलेली डाळ. गावात भाकरी-ताकावर वाढलेली कुत्री दिसतात, ती बाकीचं बाहेर शिकार करून, उकिरडा हुंगून भागवतात. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला ती सोय नसते, हे मालक विसरतो.

दुधाचंही तसंच. पिल्लू आईचं दूध पचवतं, पण मोठं झाल्यावर बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि पातळ संडास होते. वाटीभर दुधानंतर दरवेळी असं होत असेल तर दूध बंद करावं, औषध शोधत बसू नये. ताजं दही किंवा पातळ ताक बऱ्याच जणांना चालतं. मीठ-मिरची घातलेला मठ्ठा नको.

लालबागचा चिवडा आणि गटारीचा रस्सा

लालबागची चिवडा गल्ली आणि मसाल्याची दुकानं साऱ्या मुंबईत प्रसिद्ध आहेत. गणपतीच्या दिवसांत परळ, लालबाग, गिरगाव, दादर इथे रस्त्यावर खाणं वाहत असतं आणि गल्लीतल्या कुत्र्यांना सगळेच प्रेमाने भरवतात. चिवडा, वडा, मोदक, बिस्किट. गावात हेच प्रेम गटारीला आणि जत्रेला उतू जातं. रस्सा, चरबी, हाडं, सगळं एका पातेल्यात कुत्र्यापुढे.

तेलकट-चरबीचं खाणं एकदम भरपूर पडलं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. असा कुत्रा वारंवार उलटी करतो, पाठ कमानीसारखी करतो, पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग वर ठेवतो. पोटाला हात लावू देत नाही. हे अपचन समजून ओवा-सोडा देत बसू नये, याला डॉक्टर लागतो.

हाडांबद्दल गावात दोन मतं असतात. पिढ्यान्‌पिढ्या घातली, काही झालं नाही, असं म्हणणारे खूप. शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या सुईसारख्या चिरफळ्या निघतात, कोंबडीच्या हाडाच्या तर जास्तच. शंभर वेळा काही होत नाही, एखाद्या वेळी आतडं फाटतं. शिवाय जास्त हाडं खाल्लेल्या कुत्र्याची शी पांढरी, खडूसारखी कडक होते, कुंथून कुंथून तो हैराण होतो. मटण खाऊ घालायचंच तर मांस काढून द्या, हाड राहू द्या.

कांदा-लसूण माणसाला औषध, कुत्र्याला विष. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तरी त्रास होऊ शकतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरे. शिजवला, तळला, वाटला तरी विष जात नाही. रोजच्या कालवणात भिजवलेल्या भाकरीतून तो थोडा थोडा जात राहतो. अशक्तपणा, पांढुरक्या हिरड्या, लालसर-तपकिरी लघवी ही त्याची खूण.

द्राक्षं आणि बेदाणे तर नकोतच. नाशिक, सांगली, तासगावकडच्या बागायतदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. बागेत पडलेले घड आणि बेदाण्याच्या शेडमधला माल कुत्र्याच्या तोंडाला लागला तर काही कुत्र्यांची किडनी बंद पडते. किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही, एखाद्याला मूठभरही बाधतात. मोदकातला, शिऱ्यातला बेदाणाही त्यात आला. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं 'शुगर फ्री' च्युइंगम ही शहरी विषं, पण आता गावच्या टपरीवरही मिळतात.

साधं पोट बिघडलं असेल तर

मोठा, लस घेतलेला, एरवी धडधाकट कुत्रा. एकदा-दोनदा उलटी झाली किंवा पातळ शी झाली, पण शेपूट हलवतोय, पाणी पितोय, हाकेला येतोय. असा कुत्रा बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप बरा होतो. त्याने कुठेतरी सडकं खाल्लेलं असतं आणि शरीर ते बाहेर काढत असतं.

उलटी होत असेल तर सहा ते बारा तास खाणं बंद ठेवावं. पाणी बंद करू नये, पण भगुलंभर एकदम ठेवू नये. तहानलेला कुत्रा गटागट पितो आणि तेवढंच ओकतो. दर अर्ध्या तासाने थोडं थोडं द्यावं. नुसते जुलाब असतील, उलटी नसेल, तर उपाशी ठेवायची गरज नाही, हलकं खाणं लगेच सुरू करता येतं. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, म्हातारा किंवा आधीच हडकलेला कुत्रा यांना मात्र उपाशी ठेवू नये. पिल्लाच्या अंगात साठा नसतो, काही तासांत साखर उतरून ते गळून पडतं. त्याला थेट डॉक्टर.

हलकं खाणं म्हणजे दोन वाट्या मऊ भाताला एक वाटी उकडलेलं, बिनहाडाचं, बिनचरबीचं चिकन. मीठ नाही, हळद-मसाला नाही, तेल-तूप नाही, कांदा-लसूण नाही. मांस खात नसलेल्या घरात भातात उकडलेलं अंडं किंवा थोडं ताजं दही. कोकणात पेज असतेच, ती बिनमिठाची चालते. साल-बिया काढून उकडलेला लाल भोपळा दोन-तीन चमचे मिसळला तर शी बांधून यायला मदत होते. एरवीच्या जेवणाच्या चौथाईने सुरुवात करायची आणि दिवसातून चार-पाच वेळा द्यायचं. शी घट्ट झाली की तीन-चार दिवसांत नेहमीच्या खाण्यावर यायचं.

नवीन खाणं सुरू करतानाही असंच सावकाश. सात ते दहा दिवस जुन्यात नवीन मिसळत, हळूहळू प्रमाण वाढवत. मुंबईचा चाकरमानी गणपतीला कुत्रा घेऊन गावी येतो तेव्हा निम्म्या वेळा त्याचं पोट बिघडतं ते यामुळेच. तिकडे पाकिटातलं खाणं, इकडे आजीच्या हातची भाकरी आणि मासळी, आणि मध्ये रात्रभराचा प्रवास. चार दिवसांचं त्याचं खाणं सोबत आणलं तर प्रश्न येत नाही.

गवत खाणं हा रोग नाही. कुत्री गवत खातात, कधी ओकतात, कधी नाही. मात्र नुकतंच तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या बांधावर त्याला सोडू नये.

आणि जे घरात हमखास केलं जातं, ते करू नये. मीठ पाजून उलटी काढणं जिवावर बेतू शकतं. एरंडेल किंवा गोडेतेल जबरदस्तीने ओतलं तर ते श्वासनळीत जाऊन फुप्फुसाला न्यूमोनिया होतो. माणसाची पेनकिलर, मग ती पॅरासिटामॉल असो की आयबुप्रोफेन, कुत्र्याला देऊच नये. जुलाब थांबवणारी माणसाची गोळीही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. आत जंतूंची बाधा असेल तर ती अडकून राहते.

पिल्लाला रक्ताची हगवण: इथे तास मोजावे लागतात

दीड ते सहा महिन्यांचं पिल्लू. सकाळी सुस्त, दुपारपासून उलट्या, संध्याकाळी रक्त पडणारी, घाण वास मारणारी पातळ शी. गावात म्हणतात 'जंत झाले' किंवा 'नजर लागली'. बहुतेक वेळा तो पार्व्हो असतो. हा विषाणू जगात पहिल्यांदा १९७८ च्या सुमारास ओळखला गेला, म्हणजे जुन्या माणसांच्या लहानपणी तो नव्हताच. 'आमच्या वेळी कुठे लस द्यायचो' या वाक्याला म्हणूनच अर्थ राहत नाही.

पार्व्हो आतड्याचं अस्तर सोलून काढतो आणि रक्तातल्या लढणाऱ्या पेशीही मारतो. पिल्लू मरतं ते मुख्यतः अंगातलं पाणी जाऊन आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरून. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. वेळेत सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक मिळालं तर त्यातली बरीच वाचतात. तोंडाने पाणी पाजून हे भागत नाही, कारण तोंडातलं पोटात टिकत नाही. म्हणून उद्या बाजारच्या दिवशी नेऊ, असं म्हणू नये.

अंगातलं पाणी कमी झालंय का, हे घरी पाहता येतं. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच जागेवर बसली तर ठीक, हळूहळू सरकली किंवा उभीच राहिली तर पाणी कमी. हिरडीवर बोट दाबा. पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी कोरडी, चिकट लागली तर तीही खूण.

लस दीड-दोन महिन्यांची झाल्यावर सुरू होते, मग दर तीन-चार आठवड्यांनी चार महिन्यांचं होईपर्यंत, आणि पुढे वर्षाने. एकच टोचून थांबणं ही नेहमीची चूक. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लसीला काम करू देत नाही आणि ती नेमकी कधी संपते हे सांगता येत नाही, म्हणून पुढचे डोस लागतात.

ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं तिथे लस न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नये. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने, वर्षभरही टिकतो. साध्या फिनेलवर भरवसा ठेवू नये. फरशी साबणाने धुऊन मग ब्लीच (एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी) दहा मिनिटं ठेवावं लागतं. शेणाने सारवलेल्या अंगणात ते जमत नाही, तिथे लस पूर्ण झालेलाच कुत्रा आणणं शहाणपणाचं. माणसाला कुत्र्याचा पार्व्हो होत नाही.

जंत आणि खाटकाकडची वजडी

पोट नगाऱ्यासारखं, अंग काटकुळं, केस राठ, असं पिल्लू जंतांनी भरलेलं असतं. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, काही जंत दुधातूनही. त्यामुळे जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर दरमहा आणि सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी द्यायचं असतं. औषध वजनावर ठरतं. शेळ्या-मेंढ्यांची बाटली अंदाजाने कुत्र्याच्या तोंडात ओतणं धोक्याचं आहे. त्यातली काही औषधं कुत्र्याच्या मेंदूवर परिणाम करतात. शीमध्ये किंवा शेपटीखाली तांदळाच्या किंवा काकडीच्या बीसारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. तो पिसवांमधून येतो, म्हणून पिसवा मारल्याशिवाय नुसत्या गोळीने जात नाही.

एका जंताबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात कुत्र्याला काहीच होत नाही, घरच्या माणसाला होतं. बकरी-मेंढी कापली की फुप्फुस किंवा काळजावर कधी कधी पाण्याने भरलेले पांढरे फुगे दिसतात. असा अवयव खराब म्हणून कुत्र्याला टाकतात. त्या फुग्यात एका बारीक पट्टकृमीची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, अंडी शीतून बाहेर पडतात आणि हात, भाजी, पाणी यातून माणसाच्या पोटात जातात. मग वर्षानुवर्षं कळत नाही आणि एक दिवस माणसाच्या यकृतात तसाच मोठा फुगा सापडतो. ऑपरेशनसाठी मग त्याच परळच्या रस्त्यावर चकरा. फुगे असलेला अवयव पुरून किंवा जाळून टाकावा. चांगली वजडी-काळीजही कुत्र्याला चांगलं उकळूनच द्यावं. कुत्र्याला हात लावून लहान मुलं तशीच जेवायला बसत असतील तर त्यांना हात धुवायला लावावं.

पोटदुखी वाटते, पण पोटाची नसते

दादर-परळमधला हिंदमाताचा परिसर पावसात तुंबतो हे टीव्हीवर दरवर्षी दिसतं. त्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळते आणि लेप्टोस्पायरोसिस माणसांत पसरतो, कुत्र्यांतही पसरतो. कोकणात भातखाचरांत उतरणाऱ्यांना या रोगाचं नाव नवीन नाही. कुत्र्याला तो झाला की सुरुवात उलट्या आणि ताप यांनीच होते, मग डोळे-हिरड्या पिवळ्या, लघवी गडद. अशा कुत्र्याची लघवी उघड्या हाताने साफ करू नये. यावर लस आहे, कुत्र्याच्या एकत्रित लसींपैकी काहींमध्ये ती असते. टोचताना विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट रेबीज. कुत्रा खात नाही, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, पाणी प्यायला जातो पण गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलं. अशा वेळी तोंडात हात घालणं सगळ्यात धोकादायक. कुत्रा बांधून, लांब राहून डॉक्टरला कळवावं. लाळ जखमेला किंवा ओरखड्याला लागली असेल तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावं आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करावी. आचार्य दोंदे मार्गावरचीच हाफकिन संस्था १८९९ पासून तिथे आहे. एकेकाळी पिसाळलेला कुत्रा चावला की अशा मोठ्या संस्थेची वाट धरावी लागे. आता लस गावाजवळ मिळते, तरी लोक चार दिवस थांबतात, त्याला काय म्हणावं.

तिसरी, पोटाला पीळ. सांगली-सोलापूरकडचे कारवानी, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हा होतो. कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण बाहेर काहीच येत नाही, पोट ढोलासारखं फुगतं, जागेवर बसत नाही. यात घरगुती उपाय एकही नाही. ऑपरेशन होऊ शकेल असा दवाखाना गाठायचा, आणि निघण्याआधी तिथे फोन करायचा. अशा कुत्र्याला एकदाच भरपूर न घालता दोन-तीन वेळा थोडं द्यावं आणि जेवल्यावर तासभर पळवू नये.

उंदराचं किंवा पिकाचं औषध खाल्ल्याची शंका असेल, तोंडाला फेस, थरथर, झटके असतील, तर तेही याच रांगेतलं.

डॉक्टरकडे जाताना

श्रेणी एकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पदवीधर डॉक्टर असतो. रक्ताची हगवण, पीळ, विषबाधा यासाठी तिथेच जावं. राज्याच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. पथक मुख्यतः गाई-म्हशींसाठी असलं तरी जवळ डॉक्टर कुठे भेटेल, हे तिथे विचारता येतं.

हातात मोबाईल आहे तर त्याचा उपयोग करावा. शीचा आणि उलटीचा फोटो काढावा, झटके येत असतील तर त्याचा व्हिडिओ. विषाची शंका असेल तर डबा किंवा पाकीट सोबत घ्यावं, नाही तर लेबलचा फोटो. किती वेळा उलटी झाली, शेवटचं काय खाल्लं, लस आणि जंताचं औषध कधी दिलं, वजन साधारण किती, हे घरूनच आठवून निघावं. पार्व्होची शंका असलेलं पिल्लू दवाखान्याच्या आवारात खाली सोडू नये, दुसऱ्याचं पिल्लू शेजारीच बसलेलं असतं. पोत्यावर किंवा खोक्यात घेऊन बाहेर थांबावं आणि आत कोणाला तरी सांगायला पाठवावं.